अनुभव धागा: बेसबॉल, जायंट्सचा हिवाळा २०२५-२६ – मॅच नसताना काय काय बघता?

कोव्हकाठ
पिचर फ्रॅम्बर व्हाल्डेझचं नाव आपल्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्सशी जोडलं जायला लागलं आणि मला थेट २०२२ चा डिसेंबर आठवला. आधी आरोन जज येणार येणार म्हणता न्यूयॉर्कलाच राहिला. मग कार्लोस कोरेया, १३ वर्षं, ३५ कोटी डॉलर. पत्रकार परिषदेच्या दिवशीच कार्यक्रम पुढे ढकलला. का, तर मेडिकल, म्हणजे सहीआधीची वैद्यकीय तपासणी. २०१४ मध्ये मायनर लीगला असताना त्याचा उजवा पाय मोडला होता, त्यात प्लेट बसवली होती. आपल्या डॉक्टरांना १३ वर्षांचा हिशोब पटेना. मेट्सनी १२ वर्षांना ३१.५ कोटी कबूल केले, तेही त्याच पायावर अडकले. शेवटी मिनेसोटाकडे ६ वर्षं, २० कोटी.

तेव्हापासून माझा नियम, बातमीत "मेडिकल बाकी" हे दोन शब्द असतील तर पेढे वाटायचे नाहीत. बातमी पत्रकाराची असते, करार सही झाल्यावरच असतो, आणि संघाच्या मुख्य ४० जणांच्या यादीत नाव चढलं की खरा.

तर हा धागा. ऑफसीझनमध्ये तुम्ही नेमकं कशावर डोळा ठेवता, काय फसतं, का फसतं, ते लिहा. "मी पहिली मॅच पाहिली तेव्हा" वगैरे नको, त्याचा धागा वेगळा आहे. कामाचं लिहा.

खर्चवही_काकू
कुकर लावलाय, दोन शिट्ट्यांत लिहिते.

व्हाल्डेझने क्वालिफाइंग ऑफर, म्हणजे जुन्या संघाचा एका वर्षाचा ठरावीक रकमेचा करार, नाकारली आहे (यंदा २ कोटी २० लाख २५ हजार डॉलर). म्हणजे त्याला घेणाऱ्याला ड्राफ्टमधून (नवी पोरं निवडायच्या फेऱ्यांतून) दंड. तो दंड सगळ्यांना सारखा नसतो, आणि तिथेच लोक गडबडतात. लक्झरी टॅक्स (पगारांची बेरीज ठरलेल्या रेषेवर गेली की लागतो तो) भरणारा संघ असेल तर दुसरा आणि पाचवा पिक, म्हणजे निवडीची पाळी, जातो, वर परदेशी पोरांच्या बोनस-पूलमधून १० लाख. टॅक्स न भरणारा आणि महसुलात मदत न घेणारा असेल तर दुसरा पिक आणि ५ लाख.

२०२४ मध्ये आपण टॅक्सच्या रेषेच्या (तेव्हा २३.७ कोटी) वर गेलो. टॅक्स चिल्लर. पण त्याच हिवाळ्यात विली अडामेस घेतला, ७ वर्षं १८.२ कोटी, तर दुसरा आणि पाचवा दोन्ही गेले. वेळीच पुरेसे पगार हलवले असते तर पाचवा वाचला असता. रेषा बघायची ती सीझन चालू असताना, डिसेंबरात बघून उपयोग शून्य.

आणि हो, रेषेसाठी त्या वर्षीचा पगार धरत नाहीत, कराराची वार्षिक सरासरी धरतात. वर विमा-पेन्शनचा वाटा. नुसते पगार बेरजून "अजून ४ कोटी शिल्लक" म्हणणाऱ्यांनी जरा थांबा.

दुसरा_बेस
काकू _/\_
पण पिक गेल्याचं दुःख किती करायचं? अडामेसने यंदा शेवटच्या दिवशी तिसावा होमरन मारला. जायंट्सच्या कुणी एका सीझनमध्ये ३० मारले त्याला २१ वर्षं झाली होती! त्याआधी २००४ ला बॅरी बाँड्स.

खर्चवही_काकू
दुःख नाही रे, जमाखर्च. अडामेस हवाच होता.

मरीन_लेयर
३० चा विषय निघालाच आहे तर. दरवर्षी लोक म्हणतात "दमट जड हवेमुळे बॉल मरतो". दमट हवा कोरड्यापेक्षा हलकी असते, पाण्याची वाफ नायट्रोजनपेक्षा हलकी म्हणून. बॉल मारते ती थंडी. ४०० फूट जाणारा फटका १० अंश फॅरेनहाइट तापमान घसरलं की साधारण ३-४ फूट आखूड पडतो. आपल्या मैदानाच्या, ओरॅकल पार्कच्या रात्री आणि टेक्सासची दुपार यांतला फरक काढा.

त्यात मैदानाचा आकार. उजव्या कोपऱ्यात फाउल पोल फक्त ३०९ फुटांवर, म्हणून डावखुऱ्यांना मोह होतो. पण भिंत २४ फूट (आपल्या जुन्या दिग्गज विली मेजचा नंबर), आणि पोलपासून जरा आत आलं की भिंत झपाट्याने मागे जाते. राइट-सेंटरला आधी ४२१ होतं, २०२० ला बुलपेन (राखीव पिचर हात गरम करतात ती जागा) फाउल लाइनवरून उचलून सेंटरच्या कुंपणामागे नेले तेव्हा ४१५ झालं. बुलपेन हलवल्याचा दुसरा फायदा, फाउल बॉलमागे धावणारा फील्डर आता तिथल्या पिचिंगच्या उंचवट्याला अडखळून गुडघा मोडून घेत नाही.

म्हणून डावखुरा पॉवर हिटर घेताना त्याचे फटके ओढून लाइनजवळ जातात की राइट-सेंटरला, एवढंच मी तपासतो. दुसऱ्या प्रकारचा असेल तर इथे त्याच्या होमरनचे डबल-ट्रिपल होतात.

दुसरा_बेस
किंवा इनसाइड द पार्क, म्हणजे बॉल मैदानातच राहून होमरन :-) ८ जुलै, फिलीजविरुद्ध, पॅट्रिक बेली. नवव्यात १-३ मागे, दोन रनर. बॉल उजवीकडच्या विटांच्या भिंतीच्या कोनावर आपटला आणि सेंटर फील्डरच्या उलट्या दिशेला गवतावर सुसाट निघाला. बेली कॅचर, म्हणजे पायांनी काही हरिण नव्हे, तरी पोचला. ४-३.

स्कोअरकार्डवाले
त्या खेळात एरर (फील्डरची चूक) द्यायची नाही. भिंतीवरून उडालेला बॉल फील्डरच्या हाताला लागलाच नाही. स्कोअरबुकात नेहमीचा होमरनचा चौकोन भरायचा आणि बाजूला आय-पी लिहायचं. कोपऱ्यात ३ आरबीआय (त्याच्या फटक्याने आलेले रन). काही जण ट्रिपल अधिक एरर मांडतात, ते चूक.

ओकलंडचा_अनाथ
भाग्यवान आहात, मैदानाच्या फुटांवर भांडता. आमचे एज (अ‍ॅथलेटिक्स) सॅक्रामेंटोच्या मायनर लीग मैदानात पाहुणे. आणि ओकलंडच्या आमच्या जुन्या कोलिझियमवर जूनमध्ये कोण खेळलं, तर क्रिकेट! सॅन फ्रान्सिस्को युनिकॉर्न्स.

मरीन_लेयर
@अनाथ, ये रे बाबा, बस. तुझ्यासाठी खुर्ची आहे. फक्त हिरवी टोपी बाहेर काढून ठेव.

सात_पंधरा
पुण्यातून. आपला नवा मॅनेजर टोनी व्हिटेलो, त्याच्याबद्दल कुणीच बोलेना? कॉलेजमधून थेट मेजर लीगचा मॅनेजर, प्रो संघात कोचिंगचा अनुभव नाही, असं आधी कुणी केलेलं नाही. टेनेसी विद्यापीठाला २०२४ चं कॉलेज विजेतेपद दिलंय, माणूस हुशार असणारच. पण प्रत्यक्षात अडचण कुठे येईल?

दुसरा_बेस
पिचिंगचं वेळापत्रक. कॉलेजात नियमित सीझनला ५६ मॅच, मोठी सिरीज शुक्रवार ते रविवार. शुक्रवारचा मुख्य पिचर आठवड्यात एकदा टाकतो. इथे १६२, बहुतेक रोज. स्टार्टर (मॅच सुरू करणारा पिचर) पाचव्या-सहाव्या दिवशी. मॅचसाठीच्या २६ जणांत पिचर जास्तीत जास्त १३, म्हणजे पाच स्टार्टर वजा जाता बुलपेनला, म्हणजे मधेच येणाऱ्या रिलीव्हरांत, आठच उरतात.

नवखा मॅनेजर फसतो तो मंगळवारी. ६-१ पुढे असताना चांगला रिलीव्हर "फक्त तीन आउट" म्हणून वापरतो, बुधवारी परत, आणि गुरुवारी ३-३ असताना त्याचा हात संपलेला असतो. त्यात २०२० पासून रिलीव्हरने किमान तीन बॅटर किंवा इनिंगचा शेवट, हा नियम. एका डावखुऱ्यापुरता माणूस आणता येत नाही.

आणि आपलं बुलपेन मुळात निम्मं रिकामं. रॉजर्स मेट्सला, डोव्हाल यांकीजला जुलैत दिले, रँडी रॉड्रिगेझच्या कोपराचं ऑपरेशन, २०२६ गेलं त्याचं. वॉकर आहे, पण एकटा किती ओढणार. संघाचा कारभार बघणाऱ्या पोझीने पैसे इथे घालावेत असं माझं मत. दोन मध्यम रिलीव्हर आणि एक इनिंग खाणारा स्टार्टर. वेब आहेच, यंदा नॅशनल लीगमध्ये सगळ्यात जास्त स्ट्राइकआउट त्याचे, २२४.

कोव्हकाठ
रॉड्रिगेझचं एक लक्षात ठेवा. ६० दिवसांची जखमी यादी हिवाळ्यात बंद असते. म्हणजे जो वर्षभर खेळणार नाही तोही आत्ता ४० मधली एक जागा अडवून बसतो. फेब्रुवारीत स्कॉट्सडेलला कॅम्प उघडला की त्याला त्या यादीत टाकून जागा मोकळी. म्हणून कॅम्पच्या पहिल्या आठवड्यात अचानक दोन-तीन करार जाहीर होतात. करार आधीच ठरलेले असतात, जागा नसते.

ताक_आणि_कर्व्हबॉल
रूल फाइव्हचं कोणी समजावेल का? दरवर्षी वाचते, दरवर्षी विसरते.

कोव्हकाठ
ताई, थोडक्यात. मायनर लीगचा पोरगा संघाला किती राखता येतो त्याचा नियम. १८ किंवा कमी वयात सही केलेल्याला पाच सीझन, १९ किंवा जास्त असेल तर चार. तोवर ४० मध्ये घेतला नाही तर दुसरा संघ डिसेंबरात त्याला १ लाख डॉलर देऊन उचलू शकतो. अट एकच, त्याला पूर्ण पुढचा सीझन २६ मध्ये ठेवायचा. नाही ठेवला तर आधी वेव्हर्स (इतर संघांना घ्यायची संधी), मग मूळ संघाला ५० हजारांत परत देऊ करायचा.

बरेच जण परत येतात, कारण बाकावर एक जागा सहा महिने फुकट घालवणं जड जातं. टिकतात ते दोन प्रकारचे, एकतर ताकदीचा रिलीव्हर ज्याला हरलेल्या मॅचमध्ये लपवता येतं, नाहीतर तीन जागा खेळणारा फील्डर. अर्थात रॉबेर्तो क्लेमेंतेही १९५४ ला असाच ब्रुकलिनकडून पिट्सबर्गला गेला.

ओकलंडचा_अनाथ
पिट्सबर्ग म्हटलं की आपले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. २००८ ला पायरेट्सनी पिचर म्हणून घेतलेले भालाफेकवाले. रिंकू पुढे कुस्तीत वीर महान झाला. सांगलीच्या तालमीतून कोणी पिचर काढा आता.

दुसरा_बेस
भाल्यात खांद्यावरून सरळ ताकद, पिचरला ताकदीइतकाच मनगट-बोटांनी फिरकीवर ताबा लागतो. तालमीपेक्षा लेगस्पिनर आणा.

खर्चवही_काकू
जेवणं झाली. जपानी पिचर तात्सुया इमाई पोस्ट झालाय, म्हणजे क्लबने त्याला अमेरिकी संघांशी बोलायची मुभा दिलीय, ४५ दिवसांची मुदत. "पोस्टिंग फी (घेणाऱ्या संघाने जुन्या क्लबला द्यायची) परवडत नाही" असं वाचलं कुठेतरी, म्हणून सूत्र देते. कराराच्या पहिल्या २.५ कोटींवर २० टक्के, पुढच्या २.५ कोटींवर १७.५, त्यावरच्या सगळ्यावर १५.

उदाहरणाला आपला जंग हू ली (कोरियाला सूत्र हेच), करार ११.३ कोटी:
५० लाख + ४३.७५ लाख + उरलेल्या ६.३ कोटींचे ९४.५ लाख = १ कोटी ८८.२५ लाख.

हे पैसे त्याच्या जुन्या क्लबला, खेळाडूच्या रकमेच्या वर. पण लक्झरी टॅक्सच्या रेषेत ही फी मोजत नाहीत! रेषेला टेकलेल्या संघाला पोस्ट झालेला खेळाडू म्हणूनच सोयीचा. तिजोरीतून जातात हे खरं, आणि आपले मालक तिजोरीकडे बघतात हेही खरं.

मरीन_लेयर
बेलीवर परत येतो. २०२६ पासून अंपायरच्या बॉल-स्ट्राइकच्या निर्णयाला आव्हान देता येणार. संघाला दोन, बरोबर ठरलं तर शिल्लक राहतं. मागायचं फक्त बॅटर, पिचर किंवा कॅचरने, लगेच, डोक्यावर थाप मारून. डगआउटकडे बघायचं नाही. स्ट्राइक झोन प्लेटच्या मधोमध मोजणार, रुंदी १७ इंच, वरची कड बॅटरच्या उंचीच्या ५३.५ टक्के, खालची २७.

बेलीची अर्धी किंमत म्हणजे काठावरचा बॉल हळूच आत ओढून अंपायरला पटवणं. आता बॅटर म्हणेल दाखवा. मग त्याची किंमत पडणार?

स्कोअरकार्डवाले
फार नाही. एका मॅचला दोन्ही बाजूंचे मिळून तीनशेच्या आसपास पिच. आव्हानं प्रत्येकी दोन. बॅटर ती दोन स्ट्राइकवर किंवा बेस भरलेले असताना राखून ठेवणार. पहिल्या इनिंगचा ०-० चा चोरलेला स्ट्राइक कोण विचारतो? उलट कॅचरला झोन पाठ असेल तर आपल्या बाजूची आव्हानं तोच जिंकून देईल. पिचरच्या हातात ती देऊ नयेत. पिचरला सगळेच स्ट्राइक वाटतात.

ताक_आणि_कर्व्हबॉल
हाहा पिचरच नाही, नवऱ्यालाही.

जरा विषयांतर. भाच्यासाठी रत्नागिरीला लेदर ग्लोव्ह पाठवलाय, पावसात त्याला पांढरी बुरशी धरली म्हणे. टाकायचा का?

स्कोअरकार्डवाले
टाकू नका हो. घराबाहेर नेऊन कोरड्या मऊ ब्रशने झटकायचा, नाहीतर बुरशी खोलीभर पसरते. मग सॅडल सोप लावलेल्या, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसायचा, बोटांच्या खाचा आणि लेसची भोकंसुद्धा. पंख्याखाली सावलीत दोन दिवस. उन्हात नको, चामडं तडकतं. पूर्ण वाळल्यावर वाटाण्याएवढं कंडिशनर, तळव्याला आणि लेसला. जास्त तेल घातलं की ग्लोव्ह जड होतो आणि ओल धरून परत बुरशी. खोबरेल तर अजिबात नाही.

ताक_आणि_कर्व्हबॉल
खोबरेलच लावलंय बहिणीने :-(

स्कोअरकार्डवाले
मग आधी कोरड्या फडक्याने निघेल तेवढं ओढून घ्या, वर कॉर्नस्टार्च भुरभुरून रात्रभर ठेवा, सकाळी झटका. पुढे पिशवी कापडी, प्लॅस्टिक नको. आत सिलिका जेलच्या पुड्या, खिशात बॉल, वरून रबर बँड.

सात_पंधरा
भाच्याला मॅचची वेळ पण सांगा. संध्याकाळी पावणेसातची मॅच उन्हाळ्यात आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला. ८ मार्चला त्यांची घड्याळं पुढे जातात, त्याआधी धरलं तर सव्वाआठ. पहिली मॅच यांकीजशी, २५ मार्चला संध्याकाळी, घरच्या मैदानावर. म्हणजे आपली २६ ची सकाळ, गुरुवार.

दुसरा_बेस
गुरुवार सकाळ म्हणजे ऑफिसात मीटिंग असणार. कॅमेरा बंद, एक कान मोकळा.

खर्चवही_काकू
इमाईचं काही कळलं तर टाका रे इथे. मी भांडी घासून येते.