व्हीएमसीचा प्रोग्राम: हाताने लिहायचा की कॅममधून काढायचा?

प्रश्न (प्लेटवाला): फानुक कंट्रोलचं तीन अक्षांचं व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) आहे. जॉब बहुतेक प्लेटचे: ड्रिल, टॅप, पीसीडीवरची (एका वर्तुळावर मांडलेली) होलं, साधे पॉकेट. आजवर सगळं हाताने लिहून निभावलं. आता वळणदार कडेच्या प्लेटा आणि ४० मिमी खोल पॉकेट येणार आहेत. कॅम (ड्रॉइंगवरून प्रोग्राम काढणारं सॉफ्टवेअर) घेतलं तर हाताने लिहिणं बंदच करायचं का? कॅमच्या हजारो ओळींत सेटरला (मशीनवर जॉब लावणाऱ्याला) मशीनवर काही बदलता येत नाही, ही खरी भीती.

उत्तर (जी८१): होलांसाठी कॅम उघडायचीही गरज नाही. ८० मिमी व्यासाच्या पीसीडीवर ६ होलं, झिरो मध्यावर:

जी९० जी१६
जी९९ जी८१ एक्स४०. वाय०. झेड-१८. आर३. एफ१२०
वाय६०.
वाय१२०.
वाय१८०.
वाय२४०.
वाय३००.
जी८०
जी१५

जी८१ ही ड्रिलची सायकल, जी८० ने ती बंद होते. जी१६ नंतर एक्स म्हणजे त्रिज्या आणि वाय म्हणजे कोन. डेप्थ बदलायची तर झेडचा एकच आकडा बदला. जी१६ बंद करणारा जी१५ राहून गेला की पुढचे एक्स-वायसुद्धा त्रिज्या-कोन म्हणून वाचले जातात आणि टूल भलतीकडेच धावतं, म्हणून जी८० च्या खाली तो डोळे मिटून लिहायचा. दशांश टिंबही तसंच: एक्स४० ला बऱ्याच कंट्रोलवर ०.०४० मिमी समजतात. टॅपला फीड म्हणजे आरपीएम गुणिले पिच. एम८ ला (पिच १.२५) ४०० आरपीएमवर एफ५००.

पोस्ट-पंडित: होलांपुरतं मान्य. पण ४० मिमी पॉकेट हाताने लिहाल तर कटर कोपऱ्यात शिरताना एकदम जास्त पोटात घेतो, आवाज करतो आणि तुटतो. कॅमचा अ‍ॅडॅप्टिव्ह पाथ कटरवरचा भार जवळजवळ सारखा ठेवतो, म्हणून बाजूने व्यासाच्या १० टक्के घेऊन खोलवर कापता येतं. तो पाथ हाताने लिहिणं म्हणजे निव्वळ हमाली.

ओळींचं म्हणाल तर त्यात निम्मा दोष पोस्टचा (कॅमचा पाथ मशीनच्या कोडमध्ये उतरवणाऱ्या भागाचा) असतो. पोस्टमध्ये कॅन्ड सायकल (एका ओळीत पूर्ण होल मारणारा कोड) बंद असेल तर एकेका पेकचे (ड्रिल थोडं थोडं आत घालण्याच्या टप्प्याचे) जी०, जी१ सुटे पडतात. चालू केली की जी८३ ची एकच ओळ येते आणि सेटर क्यू (एका पेकची खोली) बदलू शकतो. कंटूरला आर्क फिल्टर लावा, टॉलरन्स ०.०१ ठेवा, बारीक बारीक सरळ तुकड्यांच्या जागी जी०२, जी०३ (कमानीच्या ओळी) येतात. जुन्या कंट्रोलवर तुकडे फार झाले की मशीन अडखळतं आणि कडेवर खुणा उठतात.

प्लेटवाला: आणि साइज मशीनवर कशी सुधारायची? दरवेळी कॅममध्ये जाऊन पोस्ट?

ऑफसेट-भाऊ: अजिबात नाही. कंटूरला कॉम्पेन्सेशन (कटरच्या त्रिज्येची भरपाई) ‘वेअर’ (झीज) मोडमध्ये टाका. कॅम त्रिज्या स्वतः वजा-जमा करून सेंटरचा पाथ देतं, शिवाय जी४१ (भरपाई सुरू करणारा कोड) आणि डी नंबर (भरपाईचा आकडा मशीनच्या ऑफसेट टेबलात कुठून घ्यायचा तो) छापतं. त्या डीच्या जॉमेट्रीच्या रकान्यात ०, सुधारणा फक्त वेअरच्या रकान्यात. बाहेरची रुंदी ०.०४ ने मोठी आली तर वेअरमध्ये -०.०२, एका बाजूचं गणित आहे हे विसरू नका. गोंधळ इथेच होतो: हाताने लिहिणाऱ्याला डीमध्ये पूर्ण त्रिज्या भरायची सवय असते. १० च्या एंडमिलला ५.००० भरलंत तर त्रिज्या दोनदा धरली जाते आणि जॉब प्रत्येक बाजूने ५ मिमी मोठा. पॉकेटाच्या आतल्या कोपऱ्यांत तर अलार्मही येऊ शकतो. दोन्ही प्रकारचे प्रोग्राम एकाच मशीनवर चालत असतील तर डी नंबर वेगळे ठेवा, उदाहरणार्थ कॅमला ५१ पासून पुढे, आणि प्रोग्रामच्या पहिल्या ओळीत कंसात ‘वेअर’ लिहा.

हाताने लिहिताना जी४१ सरळ ओळीवरच सुरू करा, लीड-इन (कापात शिरायची ओळ) कटरच्या त्रिज्येपेक्षा लांब. कमानीवर सुरू केलात तर ०३४ अलार्म.

पोस्ट-पंडित: नवीन पोस्टचा पहिला प्रोग्राम जॉबवर चालवू नका. झेड ५० ने वर उचलून सिंगल ब्लॉकमध्ये चालवा. जी४३ च्या शेजारचा एच नंबर (टूलच्या लांबीचा), जी५४ (जॉबचा झिरो), आणि टूल बदलायच्या आधी झेड खरंच वर जातो का, एवढं बघा.