टीव्हीवरची श्रीमंत शाळा आणि आपला बाक : तुमचे अनुभव सांगा

कोरियन मालिकांच्या गप्पांत परवा एकीने विचारलं, "श्रीमंत मुलगा, गरीब मुलगी, ह्यापलीकडे ह्यांना काही सुचतं का?" म्हणून हा धागा. देशी-परदेशी कुठलीही मालिका चालेल. परीक्षण नको. शाळकरी मुलांमधली पैशाची दरी पडद्यावर कुठे खरी वाटली, कुठे खोटी, आणि ते तुम्हाला कशावरून कळलं, एवढंच लिहा. माझं थोडक्यात: २००४ साली स्टार वनवर 'रिमिक्स' लागायची, बड्या शाळेतल्या मुलांची, मूळ अर्जेंटिनाची मालिका. त्यातलं कुणी थकलेल्या फीबद्दल बोलल्याचं मला तरी आठवत नाही. आमच्याकडे फी थकलेल्यांची नावं फळ्यावर असायची, सुविचाराच्या खाली.

मधला_बाक, पुणे
आई कोथरूडला पोळ्यांची कामं करायची. त्यातल्या एका घरचा मुलगा माझ्याच वर्गात. कोरियन 'द एअर्स'मध्ये (२०१३) नायिका उन-सांगची आई किम तानच्या बंगल्यात कामाला असते, मायलेकी तिथेच एका खोलीत राहतात आणि मुलगी त्याच्याच शाळेत जाते. बाकी मालिका गोडमिट्ट आहे. पण त्या घरात तिचं ते अंग चोरून वावरणं अगदी बरोबर. मी आईला आणायला गेले की जिन्याखाली थांबायचे. तो वर्गातला मुलगा खाली खेळत असला तर दुसरीकडे बघायचा. शाळेत आम्ही नीट बोलायचो, गणिताच्या वह्या एकमेकांना द्यायचो. त्याच्या डब्यातल्या पोळ्या आईच्या हातच्या, माझ्याही. पण तो विषय दोघांनीही काढला नाही. मालिकेत तिचं गुपित फुटतं का, ह्याची केवढी टांगती तलवार! आमच्याकडे फुटण्यासारखं काही नव्हतंच. सगळ्या वर्गाला माहीत होतं.

कल्याण_स्लो
ताई, मग 'नॉर्मल पीपल' (२०२०) बघाच. आयर्लंडमधलं छोटं गाव, कॉनेलची आई मॅरिॲनच्या घरी साफसफाई करते. पण शाळेत सगळ्यांचा लाडका तो, आणि एकटी पडलेली ती. खिशातला पैसा आणि वर्गातली पत वेगवेगळी असू शकते, हे फार कमी मालिकांना कळतं. पुढे डब्लिनला त्याची नोकरी जाते, भाडं परवडत नाही आणि "उन्हाळाभर तुझ्याकडे राहू का?" एवढं मॅरिॲनला विचारणं त्याला जमत नाही. तिथेच दोघांचं प्रेमाचं नातं तुटतं. मलाही अकरावीत हॉस्टेल सोडावं लागलं होतं. जिवलग मित्राचं दादरला ऐसपैस घर. विचारलं नाही. कल्याणच्या मामाकडून ये-जा केली. मला लोकलची आवड आहे असं त्याला अजून वाटतं.

लॉटरीतला_पालक, पिंपरी
'क्लास'मध्ये (२०२३) वस्तीतली शाळा जळते आणि तीन मुलं शिष्यवृत्तीवर दिल्लीच्या बड्या शाळेत येतात. धीरजची जातही लपवलेली नाही, हे आवडलं. पण आपल्याकडे असं दार ऐन अकरावी-बारावीत कुणी उघडत नाही. ते उघडतं लहानपणी, शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळांत गरीब मुलांसाठी राखलेल्या, बिनफीच्या २५ टक्के जागांवर, सोडतीतून. राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलून तेही अरुंद केलं होतं. जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. बरं, हा कायदा आठवीपर्यंतच. म्हणजे मुलगा त्या शाळेत मुरतो, इंग्रजीत भांडायला लागतो, आणि नववीला पूर्ण फी! मिसरूड फुटण्याच्या वयात त्याला शाळा बदलावी लागते. आमच्या सोसायटीत वॉचमनच्या मुलाचं हेच झालं. ह्यावर काढा की मालिका. खून नको, पार्टी नको, नुसतं नववीचं फीचं कार्ड दाखवा.

बंगलेवाली, नाशिक
दुसरी बाजू लिहिते, हाणू नका. मी ड्रायव्हरकाकांना अलीकडच्या चौकात थांबवून उरलेलं चालत जायचे. पडद्यावर आमच्यासारख्या मुली गाडीतून उतरतात तेव्हा संगीत वाजतं आणि त्या कुणाला तरी छळतात. आमच्यात छळ वगैरे नव्हता. एका मैत्रिणीने मात्र माझ्या वाढदिवसाला येणं बंद केलं. "आई म्हणते, आपल्याला परत तसं बोलावता येणार नाही," असं तिने सांगितलं. त्यावर तेराव्या वर्षी काय बोलणार?

माद्रिदकर
स्पॅनिश मालिका 'एलिट'बद्दल (२०१८). माझा मुलगा इथे शिकतो. शाळा कोसळली म्हणून तिघांना थेट लास एन्सिनास ह्या बड्या शाळेत प्रवेश, हा निव्वळ मसाला. इथे सरकारी, पूर्ण खाजगी आणि मधल्या 'कॉन्सेर्तादा' अशा शाळा. कॉन्सेर्तादा म्हणजे आपल्या अनुदानित. शिक्षण फुकट, पण पुष्कळ ठिकाणी दरमहा 'ऐच्छिक' वर्गणी मागतात. ऐच्छिकचा अर्थ तुम्हाला सांगायला नको!

नववीच्या_बाई, पाथर्डी
आमच्या मुली मोबाईलवर हिंदीत डब केलेलं कोरियन 'बॉइज ओव्हर फ्लॉवर्स' (२००९) बघतात. त्यात नायिका जान-दीच्या घरचं ड्रायक्लीनिंगचं दुकान आहे आणि ती गरीब म्हणून सगळी शाळा तिला छळते. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलींचे आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात ते उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुली आजीकडे नाहीतर वसतिगृहात. मधल्या सुट्टीत एकीने मला अगदी मनापासून विचारलं, "बाई, दुकान आहे ना तिच्या पप्पांचं? मग ती गरीब कशी?" बाकीच्या म्हणाल्या, "आणि शहरात स्वतःचं!"