'हवंय / नको' पॉपअप: 'नको'च्या बटणावर काय लिहावं?

रानपाखरू:
माझ्या साइटवर ईमेल यादीसाठी दोन बटणांचा पॉपअप लावतोय. 'हवंय' दाबलं की मगच ईमेलचा रकाना. प्लगइनच्या तयार नमुन्यात नकाराचं बटण आहे 'नको, मला शिकायचंच नाही'. वाचून माझंच डोकं फिरलं. लोकांना चालतं असलं?

खटपट्या:
चिडतात. नकार देणाऱ्याला असं लाजवण्याला कन्फर्मशेमिंग म्हणतात. सरळ 'आत्ता नको' लिही. दोन पायऱ्यांचा फायदा त्या टोमण्यात नाहीच, आधी एक सोपा होकार मिळण्यात आहे. रकाना दिसला की माणूस मागे सरतो. बटण दाबायला त्याचं काय जातंय?
'नको' म्हटलेलं कुकीत (ब्राउझरमध्ये साइट ठेवते ती छोटी नोंद) साठव, निदान महिनाभर. दर पानावर तोच प्रश्न म्हणजे दारावरचा चिवट विक्रेता. पान उघडताक्षणी तर दाखवूच नकोस, अर्धा लेख वाचू दे. मोबाइलवर अख्खा पडदा झाकू नकोस. जानेवारी २०१७ पासून गूगल अशा पानांना रँकिंगमध्ये मागे टाकू शकतं.

निवांत:
'नको' फिकट करड्या अक्षरांत लपवू नका, एवढंच. आणि पॉपअप एस्केप कीनेही बंद व्हायला हवा.

रानपाखरू:
'हवंय' दाबून ईमेल न देताच गेला तर?

खटपट्या:
पहिलं बटण म्हणजे संमती नव्हे. ईमेल आल्यावर खात्रीची लिंक पाठव, ती दाबली तरच नोंद. 'हवंय'चे आकडे मात्र वेगळे मोज. तिथे बरेच आणि पुढे गळती असेल, तर घोळ रकान्याच्या पडद्यात आहे. नाव, फोन मागतोयस का? काढून टाक.