मदत हवी आहे : सिकलसेल तपासणीच्या कामासाठी कोणतं सरकारी अनुदान?

नमस्कार मंडळी. नाशिकच्या एका खाजगी मेडिकल कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवते. सुरगाणा, पेठ, कळवण भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण आहेत. गावपातळीवर होणारी साधी सोल्युबिलिटी चाचणी वाहक कोण आणि रुग्ण कोण हे वेगळं सांगत नाही. त्यासाठी पुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली चाचणी लागते, आणि ती पाड्यावर कुठून आणायची? आम्हाला जागेवरच हा फरक दाखवणारं स्वस्त किट करायचंय. सातपूरचे एक इंजिनिअर सोबत आहेत.

घोडं अडलंय ते अर्जापाशी. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) एक्स्ट्राम्युरल, म्हणजे बाहेरच्या संस्थांना संशोधनासाठी पैसा देणाऱ्या योजनेत स्मॉल ग्रँट 2 कोटींपर्यंत आहे. पण तिथे प्रश्न संशोधनाचा हवा, आणि अर्ज संस्थेमार्फत जातो. बायरॅक या जैवतंत्रज्ञान उद्योगाला मदत करणाऱ्या केंद्र सरकारी संस्थेचं ‘बिग’ (बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट) अनुदान 50 लाखांपर्यंत, मुदत 18 महिने. ते मात्र वस्तू बाजारात आणू पाहणाऱ्यांसाठी, म्हणजे कंपनी काढणं आलं. नोकरी सांभाळून कंपनी? घरचे आधीच हसतायत.

माझं मत : आधी किटची अचूकता एचपीएलसीशी ताडून बघावी, म्हणजे आयसीएमआर. इंजिनिअरसाहेबांना बिगच हवंय.

कोणी यातून गेलं असेल तर सांगा : कॉलेजला डीएसआयआरची (केंद्राचा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभाग) मान्यता नसेल तर आयसीएमआरकडे अर्ज चालतो का? एथिक्स कमिटीची मंजुरी अर्जाआधीच लागते की निवडीनंतर दिली तरी चालते? आणि दोन्हीकडे एकाच वेळी अर्ज केला तर अडचण येते का? आरोग्य विद्यापीठातलं कोणी इथे असेल तर फारच बरं.