मदत हवी आहे : कोविड अँटीबॉडी रिपोर्ट कसा वाचायचा?

ताप आला, वास गेला, पण आरटी-पीसीआर केली नवव्या दिवशी आणि ती निगेटिव्ह. आधी सहाव्या दिवशीच घाईने अँटीबॉडी टेस्ट केलेली, तीही निगेटिव्ह (नंतर कळलं की अँटीबॉडी तयार व्हायला एक ते तीन आठवडे लागतात, म्हणजे फुकटच टोचून घेतलं). मग लसीचा पहिला डोस घेतला, फक्त स्पाइक प्रोटीनवाली (विषाणूच्या बाहेरच्या काट्यांचं प्रोटीन) लस, आणि महिन्याने परत टेस्ट केली तर स्पाइक आयजीजी (स्पाइकविरुद्धच्या अँटीबॉडी) पॉझिटिव्ह, न्यूक्लिओकॅप्सिड (विषाणूच्या आतलं प्रोटीन, जे या लसीत नसतं, त्याविरुद्धच्या अँटीबॉडी) निगेटिव्ह. आता स्पाइकवाल्या तर लसीनेही येतात. दुसरा डोस घेणारच आहे, तो प्रश्न नाहीये. डॉक्टर म्हणाले उपचारात काही फरक पडत नाही, तेही पटलं. फक्त एवढंच सांगा, न्यूक्लिओकॅप्सिड निगेटिव्ह म्हणजे कोविड झालाच नव्हता असं धरायचं, की त्या अँटीबॉडी एवढ्यात उतरूही शकतात?