लोपास, हायपास आणि 'गाळणे': गाळलेलं राहतं की जातं?

ओवीवाली
मंडळी, एका शब्दापायी माझे दोन दिवस गेले म्हणून इथे विचारतेय. आजीच्या जात्यावरच्या ओव्या फोनवर रेकॉर्ड केल्यात आणि घरच्या सगळ्यांना ऐकता याव्यात म्हणून ब्राउझरमध्ये उघडेल असं छोटंसं पान बनवतेय. रेकॉर्डिंग स्वयंपाकघरात झालं, त्यामुळे मागे फ्रिजची घूं सतत आहे. ती कमी करायला वेब ऑडिओमधला, म्हणजे ब्राउझरच्या आवाज हाताळायच्या सोयीतला, बायक्वाड नावाचा फिल्टर वापरायचा ठरवला आणि आत्या-मावश्यांना कळावं म्हणून बटणावर मराठीत लिहिलं, 'खालचे स्वर गाळा'. माझ्या मनात होतं खालचे काढून टाका, म्हणजे हायपास. कोड लिहिणाऱ्या आत्येभावाने वाचलं खालचे गाळून घ्या, आणि टाइप लोपास ठेवून १२० हर्ट्झ भरले. फोनवर जवळजवळ काहीच ऐकू येईना. आधी वाटलं ब्राउझर टॅप केल्याशिवाय आवाज सुरू करत नाही, तेच असेल, पण नाही. शेवटी इअरफोन लावला तर आजी भिंतीपलीकडच्या खोलीत गेलेली आणि फ्रिज कानाशी येऊन बसलेला!
भांडण मिटेना. तो म्हणतो, चहा गाळला की चहाच राहतो ना? मी म्हणते, यादीतून नाव गाळलं की नाव जातं ना? दोघंही बरोबर. मग लोपास-हायपासला मराठीत काय म्हणायचं?

कंप्रता
प्रश्न रास्त आहे. मुळात 'खालचे स्वर' इथेच घोटाळा आहे, स्वर नव्हे, कंप्रता म्हणा, विश्वकोशात तोच शब्द आहे. शाळेच्या पुस्तकात वारंवारता आहे तीही चालेल, पण हिंदीतून येणारी 'आवृत्ती' नको, आपल्याकडे आवृत्ती पुस्तकाची असते. लोपासला मंद्रपारक, हायपासला तारपारक. पार जाऊ देतो तो पारक, अर्थ एकाच दिशेने जातो. महापौर हा शब्दही सावरकरांनी दिला तेव्हा लोकांना अवघडच वाटला असेल, आज कुणाला खटकतो का?

फिल्टरचं पाणी
काका, मान राखून सांगतो, ताईंच्या आत्या मंद्रपारक वाचून ते बटण दाबणारच नाहीत. आणि फिल्टर मराठी नाही असं कोण म्हणतं, आमच्या घरी तीस वर्षं फिल्टरचंच पाणी पितात. कोडमध्ये शेवटी लोपास हेच लिहावं लागतं, काहीच लिहिलं नाही तर ब्राउझर आपणहून लोपास आणि ३५० हर्ट्झ धरतो. शिकणाऱ्याने दोन नावं कशाला पाठ करायची?

रवाळ
मला गाळणीपेक्षा चाळणी पटते. गाळणीत वर उरतो तो चोथा, तो फेकायचाच. चाळणीत तसं नाही, खाली पीठ, वर रवा, दोन्ही डब्यात जातात. लोपास म्हणजे पीठ घेतलं, हायपास म्हणजे रवा घेतला, आणि कटऑफ म्हणजे चाळणीचं भोक. आई मैद्याची चाळणी वेगळी नि रव्याची वेगळी ठेवायची, भोक बदललं की काम बदललं.

फिल्टरचं पाणी
उपमा गोड आहे पण चाळणी हो किंवा नाही एवढंच म्हणते. हा फिल्टर तसा कापत नाही, उतरतो. लोपास ३५० वर ठेवला तर त्याच्या बऱ्याच वर दर सप्तकाला १२ डेसिबल उतार, म्हणजे एक सप्तक वर गेलं की आवाजाच्या लहरीची उंची साधारण पाव होते, अजून एक सप्तक गेलं की पावाचा पाव. भोकापेक्षा मोठा दाणा चाळणीतून पाव येतो का?

रवाळ
नाही येत. मान्य. पण मग 'कटऑफ' तरी कुठे बरोबर आहे? तोही कापतोच म्हणतो. मराठीत 'उतार' म्हणू या, '३५० पासून उतार'. घाट चढलेल्या माणसाला समजवावं लागणार नाही.

मिरजेचा
आमच्याकडे यासाठी शब्द आधीच आहेत, बंद आणि खुला. तंबोऱ्याची जवारी बंद असते किंवा खुली असते, घोडीवर तारेखालचा दोरा केसभर सरकवला तरी आवाज उघडतो. लहानपणी दुकानात तासन्‌तास बसून बघितलंय, कारागीर कानसाने घोडी घासायचा, तार छेडायचा, मान हलवायचा, परत घासायचा. लोपासने आवाज बंद होतो तो अगदी तसाच लागतो कानाला.

कंप्रता
कानाला लागेल, पण कार्य वेगळं. जवारीने तारेतून वरचे स्वरांश उमटतात. फिल्टर नवं काही उमटवत नाही, आहे त्यातलंच कमीजास्त करतो. दोन्हींना एक शब्द दिला तर शिकणारा फसेल.

मिरजेचा
गाणारा माणूस कानानेच शिकतो हो, आलेख बघून नाही.

ओवीवाली
सगळ्यांचं वाचलं. तूर्त बटणावर 'खालची घरघर काढा' लिहिलं आणि १२० चा हायपास लावला. आजीचा आवाज काळी पाचच्या आसपास, म्हणजे २३३ हर्ट्झच्या, त्यामुळे तिला फारसा धक्का नाही.

सांजवात
ताई, 'घरघर' बटणावर नको गं, माणसाला घरघर लागते तो शब्द आहे. आणि जात्याची पण घरघरच असते. ती पण काढलीस का?

ओवीवाली
सांजवात, तुमचं वाचून परत ऐकलं. खरंच गेली होती. ओवी नुसती हवेत लटकत होती, ओढ कुठे लागते नि हात कुठे फिरतो काही कळेना. हायपास काढून टाकला आणि नॉच लावलेत, म्हणजे नेमक्या एका कंप्रतेपाशीचाच आवाज काढणारे फिल्टर, एक ५० वर, एक १०० वर, एकामागे एक जोडून, रुंदी ठरवणारा क्यू ३० ठेवला म्हणजे अगदी अरुंद. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून फ्रिजची घूं नेमकी तिथे नि तिच्या दुपटीवर बसते. जातं परत आलं! आता नॉचला काय म्हणू? 'खाच' कसं वाटतं?

रवाळ
खोबण म्हण. खाच म्हटलं की डोळ्यांच्या खाचा आठवतात.

कंप्रता
खोबणीत काहीतरी बसवतात, इथे काढायचं आहे. खाचच बरोबर.

ओवीवाली
आजीला विचारलं. ती म्हणाली, जात्याला टाकी लावतात तेव्हा पाळूला पाडतात त्या खाचाच की.

सांजवात
आमच्याकडे त्यांना टाके म्हणतात. खाच लाकडाला, दगडाला टाका.