सदरा काखेतच का उसवतो?

नवशिका: स्वतः शिवलेला सुती सदरा चौथ्या धुण्यात काखेत फाटला. विकतचे टिकत नाहीत म्हणून मशीन घेतलं, आणि हे! दोरा बदलू का?

जुनी कात्री: शिवण उसवली की शिवणीशेजारचं कापड फाटलं? आधी ते बघ. कापड फाटलं असेल तर दोऱ्याचा दोष नाही. हात वर केला की सगळा ताण काखेत येतो. मी तिथे चौबगला लावते, तिरप्या चौकोनाचा छोटासा तुकडा. तो लावताना कोपरे चुकतात, माझे पहिले तीन तरी गेलेच.

आणि कापड बेतण्याआधी धुतलंस का? सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. आटलेला सदरा अंगात ताणूनच बसणार.

कडेच्या शिवणीला दीड सेंटिमीटर माया, म्हणजे शिवणीबाहेरचं जादा कापड, ठेव. उलट्या बाजू एकमेकींना लावून ६ मिलिमीटरवर शिव, कडा अर्ध्या काप, मग उलटवून ९ मिलिमीटरवर पुन्हा. कच्ची कड आत बंद होते, धागे निघत नाहीत. वेळ दुप्पट जातो, तो जाऊ दे.

उसवाउसवी: टाकेही मोज. एका इंचात दहा-बारा पुरेत. फार बारीक टाक्यांनी पातळ कापडाची चाळण होते.

नवशिका: कापडच फाटलंय. धुतलं नव्हतं, आणि माया जेमतेम अर्धा सेंटिमीटर! चौबगल्यासाठी उरलेला तुकडा शोधतोय.

जुनी कात्री: तोही आधी धू.